लोकरीत गुंडाळलेला मदरबोर्ड

बिरा गेल्याचं त्याच्या बायकोनं, सुनंदानं फोनवर सांगितलं. "भावजी, दुकानात बसल्या बसल्याच..." एवढंच ती बोलली आणि तिच्या हातून कुणीतरी फोन घेतला. मी इंदापुरात वाचनालयात परत आलेली पुस्तकं लावत होतो. हातातलं पुस्तक कुठल्या कप्प्यात ठेवलं, ते मला अजून सापडलेलं नाही. आता काही आठवडे उलटलेत. भेटणारे लोक बिराच्या बारामतीतल्या दुकानाबद्दल बोलतात, बंद पडलेला कॉम्प्युटर तो कसा चालू करून द्यायचा ते सांगतात. मला मात्र सणसरमधली, त्याच्या घरातली एक दुपार सारखी आठवते. त्या दुपारी काय घडलं ते बिराला आणि मलाच माहीत आहे, असं मी परवापर्यंत धरून चाललो होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही बारामतीत कॉलेजला होतो आणि एका कॉम्प्युटर क्लासला जायचो. मी तिथं टायपिंग शिकलो, बिरा मधल्या सुटीत गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला शिकला. क्लासच्या जुन्या मशीनवर गाडी वळणावर आली की चित्र अडखळायचं. मला तो पुस्तकराव म्हणायचा. "पुस्तकराव, गाडीत दोष न्हाय, रस्त्यात हाय," असं म्हणून तो मशीनचं झाकण उघडायला बघायचा आणि सरांचा ओरडा खायचा. पुढं त्यानं गेमसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, रॅम जास्त लागते, हे सगळं पेलणारा मदरबोर्ड लागतो, अशी माहिती जमवली. सुटे भाग आणून मशीन घरी बांधायचं, बारामतीत एक खोली घ्यायची आणि पोरांना तासावर खेळायला द्यायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्याच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर, पण चरायला रान उरलं नव्हतं. त्या वर्षी तात्यांनी राहिलेली मेंढरं विकली. बिरासाठी साखर कारखान्यावर हंगामी कामाचा शब्द त्यांनी टाकून ठेवला होता. पोरगा मात्र मशीनचा हट्ट सोडेना. शेवटी तात्या म्हणाले, "मेंढरांचं आलंय त्यातलं घे. पर एकदाच. चाललं तर तुझं तू बघ, मी आडवा येणार न्हाय. न्हाय चाललं, तर सोमवारी मुकाट्यानं कारखान्यावर." बिरानं एका शब्दात मान्य केलं. त्याचा स्वतःच्या हातांवर विश्वास होता.

पुण्याला आम्ही तिघं गेलो. तात्या दुकानात आलेच नाहीत, खांद्यावर घोंगडी टाकून बाहेर पायरीवर बसून राहिले. आत दुकानदारानं मदरबोर्ड जोडून दाखवला. पडद्यावर अक्षरं उमटली, ती बिरानं आणि मी दोघांनीही पाहिली. मग दुकानदारानं तो वीज अडवणाऱ्या चंदेरी पिशवीत घालून खोक्यात ठेवला. परतीच्या एसटीत गर्दी होती. तात्यांना पुढं बसायला जागा मिळाली, म्हणून खोकं त्यांच्याकडं दिलं. कॅबिनेट, मॉनिटर सांभाळत आम्ही मागं उभे राहिलो. बारामती येईपर्यंत मला फक्त त्यांचा फेटा दिसत होता, खाली वाकलेला, जणू मांडीवर आजारी कोकरू आहे.

घरी आल्यावर तात्यांनी रिकामं खोकं बाजूला ठेवलं आणि काखेतली घोंगडी उलगडली. त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीची, घरातली सगळ्यात चांगली. तिच्यात मदरबोर्ड नुसताच गुंडाळलेला होता.

"तात्या, पिशवी कुठं हाय?" बिरानं विचारलं.

तात्यांनी खिशातून नीट घडी घातलेली पिशवी काढली. "प्लास्टिक घाम धरतंय. लोकरीत घाम धरत न्हाय. हादरं लई हुतं, पर एक धक्का लागू दिला न्हाय मी."

बिरा माझ्याकडं बघत राहिला. कोरडे थंडीचे दिवस होते. अशा हवेत लोकर अंगाला घासली की तडतड वाजते, बोटाला चटका बसतो. माणसाला तेवढंच. मदरबोर्डवरच्या बारीक चिपा मात्र त्या एवढ्याशा विजेनंही मरतात, हे क्लासच्या सरांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं. तरी एखाद्या वेळी काही होत नाही, असंही ते म्हणाले होते... त्या एवढ्याशा आशेवर बिरा जोडणीला बसला.

घरात माणसं जमली होती. तात्यांचे भाऊ नाना खाटेवर पाय दुमडून बसले होते. लाईट कधीही गेली असती. बिरानं प्रोसेसर बसवला, वर पंखा आवळला, रॅम दाबली, ग्राफिक्स कार्ड खोबणीत सरकवलं. बटण दाबलं. पंखा फिरला. मॉनिटरची काच काळीच राहिली.

"आवाज तर पिठाच्या गिरणीवाणी येतोय," नाना म्हणाले. "चित्र कवा लागायचं?"

बिरानं रॅम काढून परत बसवली. कार्ड काढलं, परत बसवलं. प्रत्येक वेळी बटण, पंखा आणि तीच काळी काच. हळूहळू नानांचीही मस्करी थांबली. मी तोंड उघडणार होतो. दोष पोराच्या हातांचा नव्हता, सोमवारची अट त्याला लागू होत नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. बिरानं माझ्या पायावर पाय ठेवून दाबला.

"काय चुकलं रं?" तात्यांनी विचारलं. घोंगडी अजून त्यांच्या खांद्यावर होती.

"तुकडाच खराब निघाला, तात्या," बिरा म्हणाला. "मी दुकानात नीट बघून घ्यायला पायजे व्हतं. माझं चुकलं."

सोमवारी तो कारखान्यावर गेला.

दोन हंगाम त्यानं तिथं काढले आणि त्या पगारातून दुसरा मदरबोर्ड घेतला. मला वाटलं, या वेळी तो एकटाच जाईल. त्यानं तात्यांना बरोबर नेलं. बोर्ड त्यांच्याच मांडीवर दिला, वर म्हणाला, "तात्या, ही पिशवी फोडली तर ग्यारंटी जाती बरं का." तात्यांनी ती घरापर्यंत दोन्ही हातांत धरून आणली. मशीन चालू झालं. तात्यांनी पहिल्याच वळणावर गाडी कठड्यावर घातली आणि ओरडले, "आरं, ह्येला कासरा कुठं हाय?" बिरा इतका हसला की डोळे पुसत बाहेर गेला. नंतर बारामतीत त्याची गेमची खोली झाली, तिचंच पुढं दुरुस्तीचं दुकान झालं. मशीनला हात लावण्याआधी खिडकीच्या गजावर पंजा टेकवायची सवय त्याला लागली होती. अंगातली वीज तिथं उतरून जाते. गिऱ्हाइकं विचारायची, तेव्हा तो हसून विषय बदलायचा.

परवा मी दुकानात गेलो. तात्या आता फार थकलेत. सुनंदानं आवराआवर काढली होती, टेबलावर एक उघडा कॉम्प्युटर तसाच पडला होता. तात्यांनी मला जवळ बसवलं. "पुस्तकराव, तुमी हुता तितं. त्या पयल्या मशीनीला काय झालं हुतं?"

बिरा असता तर त्यानं पाय दाबला असता. "तुकडाच खराब होता, तात्या," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "त्योबी तसंच म्हणायचा. मरंस्तवर तसंच म्हणला."

मग काठी टेकत ते उठले. सुनंदा त्या उघड्या मशीनला हात घालणार, तोच त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिला खिडकीपाशी नेलं. आधी स्वतःचा पंजा गजावर टेकवला, मग तिचा.

"आदी लोखंडाला हात लाव, पोरी," ते म्हणाले. "आपली लोकरीतली माणसं."