काट्यावरची एफ-फाइव्ह

विंचूरच्या एका वजनकाट्यासाठी मी प्रोग्रॅम लिहिला होता. कांद्याची भरलेली ट्रॉली आधी तोलायची, माल उतरवून रिकामी तोलायची आणि मगच पावती छापायची. रिकामं वजन येईपर्यंत स्क्रीनवरचं पावतीचं बटण मी बंदच ठेवलं होतं. तरी ट्रॉलीसकट वजन धरलेल्या पावत्या निघायच्या आणि नाशकात बसून फोनवर शिव्या मी खायचो. चूक काट्यावरच्या माणसांचीच, असं मी धरून चाललो होतो.

शेवटी वैतागून तिथे गेलो. काट्यावरच्या काकांनी माउसला हातही लावला नाही. "त्याच्यात कांद्याची टरफलं जातात," म्हणाले आणि कीबोर्डवरची एफ-फाइव्ह दाबली. पावती बाहेर. बटण, मेनू आणि ही की, तिन्हींसाठी मी छपाईचं काम वेगवेगळं लिहिलं होतं. रिकाम्या वजनाची अट मात्र एकट्या बटणाला.

तिथेच बसून छपाईची एकच कमांड केली, अट तिच्यात घातली आणि तिन्हींनाही तिलाच जोडलं. काकांनी एफ-फाइव्ह दाबली, परत दाबली, मेनूही उघडून पाहिला.

"आता नाय निघत," ते म्हणाले.

माझं लिहिलेलं चालत नाही हे ऐकून जीव भांड्यात पडला, तो तेवढा एकदाच.