रिकाम्या खोलीतला ऑक्सिजन

भूमच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या बेगमबीचा आवाज मुळातच मोठा. पण सत्तावन्न सालच्या फ्ल्यूच्या साथीत तिनं सरकारी दवाखान्यात जो आवाज चढवला, त्याची आठवण गाव पुढं कित्येक वर्षं काढत होतं.

तिची सून मुनवर न्यूमोनियानं दवाखान्यात होती. पेनिसिलिननं तिचा ताप उतरला. पण शेजारच्या खाटेवरची सारजाबाई, कोवळी लेकुरवाळी, श्वासासाठी तडफडत होती. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठ निळे पडले होते. नवरा ज्ञानोबा तिच्या पाठीला टेकू देऊन बसला होता. आदल्याच दिवशी कोपऱ्यातला धोंडप्पा असाच गुदमरून गेला होता.

"डाक्टरसाब, हिला ती हवेची नळी लावा की," बेगमबी म्हणाली.

डॉक्टर शरणबसप्पा तरुण, जागरणांनी पार पिचलेले. "एकच सिलिंडर आहे, मावशी. खास खोलीत ठेवलाय. मोठे साहेब दौऱ्यावर येणारेत, त्यांना खोकला आहे. हात लावायचा नाही असा वरून हुकूम आहे."

"म्हंजी कालबी व्हता?"

"होता," डॉक्टर म्हणाले.

"धोंडप्पा जीव सोडत व्हता, तवा भिंतीपल्याड व्हता? आपलं राज आलं म्हणून सांगता ना लोकांला? अन् न आलेल्या साहेबाच्या खोकल्यापायी समोरचं माणूस मारता?"

तिनं सुनेची उशी ओढून सारजाबाईच्या पाठीशी लावली, ज्ञानोबाला उठवलं आणि खास खोलीचं दार ढकललं. आत पांढरीशुभ्र चादर, मेजावर फुलदाणी, आणि खाटेशी उभा सिलिंडर. दोघांनी तो तिरका करून फरशीवरून रेटत आणला.

डॉक्टर पुढं झाले. म्हणाले, "सरका. मी लावतो."

संध्याकाळपर्यंत ओठांचा निळेपणा ओसरला. सारजाबाई वाचली. साहेब आलेच नाहीत. परस्पर बार्शीकडं निघून गेले.

आला तो चौकशीचा कारकून. "सरकारी वस्तू कुणाच्या परवानगीनं हलवली?"

"माज्या. लिवा. अन् ती तितं कुणाच्या परवानगीनं ठिवली, तेबी लिवा."

ते त्यानं लिहिलं नाही. महिन्याभरात डॉक्टरांची बदली झाली, सिलिंडर पुन्हा आत गेला आणि खास खोलीला कुलूप लागलं. बेगमबीचा संताप मात्र उतरला नाही. दर बाजाराला ती बांगड्यांची पेटी दवाखान्याच्या फाटकासमोर मांडू लागली. बायकांच्या हातात बांगड्या चढवता चढवता मोठ्यानं विचारायची, "आत हवा कुणासाठी ठिवलीय गं?" शिपाई तिला हुसकायचा. ती जरा सरकून पुन्हा मांडी घालायची.