भावजींचा आइतवारचा चिरूट

आधीच सांगून ठेवती, मी भांडखोर न्हाई. गावातल्या बाया बनाबाईच्या तोंडाला लागू नका म्हनत्यात, त्या जळून म्हनत्यात. पर आपल्याच सोप्यात कुनी धूर काढत बसलं, तर मानसानं गप बसायचं व्हय?

आमचं भावजी, म्हंजी माझं धाकलं दीर नाथाजी, शेचाळीस साली बरम्याच्या लढाईवरनं पलटन सोडून घरी आलं. हवालदार झालं हुतं. कुंडलापासनं दीड कोसावर आमचं गाव, तिथवर ट्रंक डोक्यावर घेऊन चालत आलं. ट्रंकंत दोन कांबळी आन् एक पत्र्याचा डबा. त्या दिसांत रेशनाची साखर डोळ्याला दिसत न्हवती. मला वाटलं, दिरानं वयनीसाठी साखर आनली. झाकान उघडलं तर आत अंगठ्याएवढी जाड, वाळक्या शेंगंवानी काळपट कांडकी.

"आवं भावजी, ह्ये काय?"

"चिरूट, वयनी."

"खायाचा?"

"वडायचा."

म्या झाकान असं आदळलं की गोठ्यातली म्हस उठून हुबी ऱ्हायली.

आता त्येंची एक गोष्ट खरी. मानूस सोन्यासारखा. उजाडायच्या आत उठायचं, इहिरीवर थंड पान्यानं आंग धुवायचं, मंग जोर आन् बैठका. बैठका किती ते मला इचारू नका, माझी धा भाकरी हुईस्तवर चालायच्या. मंग जोतिबाच्या टेकावर पळत जायाचं आन् पळत यायचं. टेक म्हंजी काय गंमत न्हाई, आमच्या बाया निवद घेऊन चढताना तीनदा टेकत्यात. भावजी वर जाऊन खाली आलं तरी चुलीपुढं बसून नीट सावकाश बोलायचं. धाप म्हनून न्हाई. वर दोन भाकरी, दूध, आन् कच्चा कांदा. चाळिशीला आलेला गडी, पर पोट आत आन् छाती पुढं.

आन् आइतवारी दुपारी चिरूट. त्येलाबी कायदा हुता. आइतवार सोडून न्हाई. आंगावरचा घाम वाळल्याबिगर न्हाई. आन् अख्खा कवाच न्हाई, चाकूनं कापून अर्धाच. म्या एकदा इचारलं, अर्धा का म्हनून. तर म्हनलं, "पलटनीत मलकापूरचा गुंडा माझ्या शेजारी हुता. एक चिरूट दोघांत वडायचो. त्यो तिकडंच ऱ्हायला. मला अर्ध्याचीच सवय लागली." तो आइतवार मी गप बसली. फुडच्या आइतवारी पुन्ना सुरू झाली, ती गोष्ट येगळी.

तर आता खरी गोष्ट.

आमच्या गावाला जोतिबाची सासनकाठी हाय. वीस हात उंच बांबूचा कळक, त्येला तांबडं-पांढरं कापड गुंडाळल्यालं, शेंड्याला निशान. चैताची पुनव झाली की पहिल्या आइतवारी काठी येशीतनं निघती आन् टेकावरच्या देवळात जाती. कमरंच्या पट्ट्यात बुडखा धरून एकच गडी ती हुबी नेतो, चारी अंगांनी चार गडी दोऱ्या वढून तोल सावरत्यात. ह्यो मान आमच्या घराचा. माझ्या आजेसासऱ्यापासनं. पर रीत अशी हाय की काठीचा बुडखा वाटंत कुठं भुईला लागला, तर मान त्या घरातनं गेला. भावकीतल्या फुडच्या घरानं उचलायची. मंग पहिला निवद त्येंचा, पहिला गुलाल त्येंचा, आन् आपुन मागं हुबं ऱ्हायाचं.

काठी माझं मालक न्यायचं. सत्तेचाळीसच्या शिमग्याला औताच्या बैलानं त्येंच्या गुडघ्यावर लाथ हानली. हाड मोडलं न्हाई, पर पाय मांडीएवढा सुजला. पुनव तर म्हैन्यावर.

भावकी चावडीत बसली. आमचं चुलत दीर लालासाहेब, मिशीला लोनी लावनारं, फुडच्या घराचं धनी. ते म्हनलं, "आकारामचा गुडघा सुजलाय, त्येला हुबं ऱ्हाता येईना. आता ऱ्हायला नाथाजी. त्यो तर चिरूट वडतोय. धुरानं छाती भरल्याल्या गड्याच्या हातात देवाची काठी? निम्म्या टेकावर खोकत बसंल. त्यापरास आमच्याकडं द्या, मान आपल्याच भावकीत ऱ्हाईल."

भावजी एवढंच म्हनलं, "रीत हाय तशी हुंदे. काठी टेकली तर तुमची. न टेकता नेली तर आमची."

मी भिताडाआडनं ऐकत हुती. ह्या घरात लगीन करून आली तवापासनं पहिल्या निवदाचं ताट मी नेत आली. म्हातारी सासू मरताना म्हनली हुती, बने, काठीचं ताट सांभाळ. आन् आता ते ताट लालासाहेबांच्या बायकूच्या हातात जानार? ती सुलाबाई तर मला वरसाचं बारा म्हैने ऐकवंल.

घरी आल्या आल्या म्या भावजींला धरलं. "आवं, एक म्हैना तरी त्यो जाळ बंद करा!"

"वयनी, आठवड्याला अर्धा. त्यानं काय हुतंय?"

"आन् हुयाचं ते काठीखालीच झालं तर?"

"रोज टेक पळतोय ते तुमी बघताय न्हवं? छाती कशी हाय ते मला ठाव हाय. भ्यायलं की मानूस मोडतंय, वयनी. जसं चाललंय तसंच चालू द्या." असं म्हनून हसलं आन् वाळू भरल्यालं पोतं खांद्यावर टाकून टेकाकडं निघालं. म्हैनाभर रोज तसंच. वाळूचं पोतं, वर आन् खाली.

त्येंला भ्या न्हवतं. पर मला हुतं की! देवाच्या कामात धुराचा इटाळ झाला, आन् देव कोपला तर? शनवारी, जत्रंच्या आदल्या दिशी सकाळी, मी कुनाला न सांगता टेकावर गेली. तात्याबा गुरव देवापुढं दवना वाहत हुतं. त्येंच्या साक्षीनं हात जोडून म्या मोठ्यानं नवस बोलला, "देवा, उद्या काठी न टेकता तुझ्या दारात आली, तर आमच्या नाथाजी भावजींचा चिरूट तुला सोडला. पुन्ना ते वडनार न्हाईत."

तात्याबांनी वळून माझ्याकडं बघितलं आन् गुलालाची वाटी फुडं केली. म्या गुलाल लावला आन् हलक्या पायांनी खाली आली. एका धोंड्यात दोन पाखरं, असंच मला वाटलं.

आइतवारी सारं गाव येशीत जमलं. हलगी तडतडाय लागली. भावजींनी पट्टा आवळला, काठीला हात जोडलं आन् उचलली. चांगभलंचा एकच वरडा झाला, गुलालानं आभाळ लाल. डाव्या अंगाची दोरी भावकीच्या मानानं लालासाहेबांकडं. फुडची दोरी अर्जुना न्हाव्याकडं.

मी ताट घेऊन मागनं. ताट हातात कमी आन् डोळं काठीवर जास्त. पहिली चढन झाली, दुसरी झाली. भावजींच्या मानंवरनं घामाची धार, पर पाय एका लयीत. आन् आवाज येत हुता धापंचा, घॉर्र घॉर्र, लोहाराच्या भात्यावानी. मला वाटलं झालं, भरली छाती! जरा फुडं होऊन बघती तर धाप भावजींची न्हाईच. लालासाहेबांची! जन्मात विडीला शिवलं न्हाईत, पर पाटापास्नं तुपापतूर एवढीच त्येंची चाल. तोंड बीटावानी लाल झाल्यालं.

निम्म्या टेकावर वाट वळती, तितं वारं आलं. नेमकं तवाच लालासाहेबांच्या हातनं दोरी सुटली. मुद्दाम न्हाई हं, मी खोटं बोलनार न्हाई. गड्याला दमच ऱ्हायला न्हवता, मटकन पायरीवर बसलं. काठी उजवीकडं कलली. बाया किंचाळल्या. भावजी तिरक्या काठीखाली शिरलं, आन् तोल सांभाळता सांभाळता खाली, खाली, एक गुडघा भुईला लागला. काठीचा बुडखा पट्ट्यासकट खाली घसरून भुईवरनं चार बोटं वर. चारच! हलगी थांबली. अर्जुनानं आपली दोरी न सोडता उडी मारून सुटलेली दोरीबी धरली आन् वरडला, "उठा हवालदार, धरली म्या!"

आन् भावजी उठलं. एवढं वजन कमरंला घेऊन, हात न टेकता, रोज सकाळी बैठक मारून उठत्यात तसंच उठलं. मी तर रडायलाच लागली. देवळाच्या दारात काठी हुबी केली तवा गावानं त्येंला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. माझं ताट पहिलं गेलं. सुलाबाई मागं हुबी हुती, म्या वळून बघितलं न्हाई. बरं, एकदा बघितलं.

लालासाहेब मागनं दमत वर आलं, तवा भावजी त्येंच्याकडं तांब्या घेऊन गेलं. "प्या दादा. आन् उद्यापासनं सकाळी या माझ्यासंगं टेकावर." लालासाहेब पानी प्यालं आन् म्हनलं, "येतो रं गड्या, पर पोतं न्हाई घेनार." सारी हसली.

मंग भावजी देवळामागच्या चाफ्याखाली बसलं. आंग पुसलं, घाम वाळू दिला. आइतवार हुता. खिशातनं अर्धा चिरूट काढला, काडीपेटी काढली. त्या तोंडावर जे सुख हुतं ना, नवरदेवाच्या तोंडावरबी एवढं बघितलं न्हवतं म्या.

आन् तात्याबा गुरव बोललं, "हवालदार, त्यो तर काल देवाला सुटला न्हवं?"

"कुनी सोडला?"

तात्याबांनी माझ्याकडं बोट केलं. मी पदर तोंडात धरला. बोलावं तर लागलंच. म्या सारं सांगितलं, भ्या वाटलं म्हनून नवस बोलला, तुमास्नी इचारलं न्हाई.

मला वाटलं रागावतील. रागावलं आसतं तर बरं झालं आसतं. भावजींनी चिरूट उलटापालटा करून बघितला, काडीपेटी खिशात घातली आन् म्हनलं, "वयनी थोरली हाय. तिनं देवाला शब्द दिला. आता त्यो माझाच शब्द." चिरूट देवापुढं ठेवायला उठलं.

काय सांगू! त्या मानसानं घराचा मान राखला, आन् म्या त्येचंच एवढंसं सुख इकून खाल्लं.

"थांबा भावजी! तात्याबा, ह्यो नवस फिरवता येत न्हाई व्हय?"

तात्याबा म्हनलं, "फिरवायचा कशाला? मुळात लागलाच न्हाई. शेजारनीच्या कोंबड्यावर कुनी नवस बोलतं का, बने? जिनस ज्येचा, नवस त्येचा. पर तोंडानं शब्द तू दिलास, देव रिकामा कसा जाईल? तुझ्याजवळचं सोड. धूर न्हाई, पर तंबाखूच की."

आता ह्ये म्या तुमास्नी आधी सांगितलं न्हाई. कुनी इचारलं न्हाई म्हनून सांगितलं न्हाई. मी मिशरी लावती. म्हंजी लावायची. उठल्यावर, न्ह्यारी झाल्यावर, रानात गेल्यावर, रानातनं आल्यावर, कुनी भांडलं तर, आन् कुनी न्हाई भांडलं तर. तंबाखू तव्यावर जाळून डबीत भरायची, त्येचा वास साऱ्या गल्लीला जायचा. बाया खुदुखुदू हसाय लागल्या. सुलाबाई तर मोठ्यानं हसली.

मी वटीतली डबी काढली. हात जरा थबकला, खोटं कशाला बोलू. मंग देवापुढं ठेवली आन् म्हनली, "देवा, ह्यो माझा जिनस. त्येंचा त्येंच्याकडं ऱ्हाऊ दे." माघारी आली, भावजींच्या हातातनं काडीपेटी घेतली आन् माझ्या हातानं काडी वडली. पहिला धूर माझ्याच नाकात गेला, पर ठसका दाबून धरला.

फुडं आठ दिस माझं डोस्कं घनासारखं ठनकलं. म्हशीवर वरडली, मालकावर वरडली, तुळशीवरबी वरडली. भावजींला कीव आली. आइतवारी आमच्या वट्यावर बसून म्हनलं, "वयनी, सवय एकदम सुटत न्हाई. देवाची माफी मागून आइतवारी एकदा लावा. मापात."

म्या लय इचार केला. मंग म्हनलं, "न्हाई भावजी. तुमच्या हातात माप हाय. माझ्या हातात डबी आली की डबी हेच माप."

त्येंनी मान हलवली आन् आपला अर्धा चिरूट पेटवला. मी तितंच शेंगा फोडत बसली आन् मनात एकच येत ऱ्हायलं. त्येंच्या आठवड्याच्या अर्ध्या चिरुटावर मी वरीसभर घर डोक्यावर घेतलं. माझी दिवसातनं सा-सा येळा मिशरी, तिचा वास त्या मानसाला येत नसंल व्हय? पर एका शब्दानं, एकदासुदीक, मला कवा बोललं न्हाईत. डोस्कं ठनकायचं आठ दिसांत थांबलं. त्येंला बोलल्याची लाज मात्र लय दिस ऱ्हायली.