बीड ते लिंबागणेश: सूर्यापासून प्लूटोपर्यंत पायी

त्या वर्षी मला अवकाशाचा कंटाळा आला होता. मुलांच्या एका मासिकात मी दर महिन्याला ग्रहताऱ्यांवर दोन पानं लिहीत असे, त्याला सहा वर्षं झाली होती. एकट्या शनीवर चार लेख झाले होते आणि चारही पुस्तकांतून उतरवलेले. घरोघरी केबल आली होती, मुलं टीव्हीपुढून हलत नव्हती, आणि संपादक म्हणत होते, "बाई, जरा चटकदार लिहा." दिवाळी अंकानंतर हे सदर बंद करायचं असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

अशात लिंबागणेशजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेतून पत्र आलं. लिहिणारे कुंडलिक गुरुजी. "आम्ही बीडपासून लिंबागणेशपर्यंत रस्त्याच्या कडेने सूर्यमाला मांडली आहे. आपला एक किलोमीटर म्हणजे तिकडचे वीस कोटी किलोमीटर. दिवाळीआधी सातवीच्या मुलांना घेऊन पायी निघणार आहोत. आपण यावे." शेवटचा लेख निदान पायाने लिहू, असं म्हणून मी पिशवी भरली.

पुण्याहून बीडला तेव्हा लाल एसटीने आख्खा दिवस जायचा. नगरच्या पुढे रस्ता असा होता की खिडकीची काच आणि माझे दात एकाच तालात वाजत होते. बीडच्या स्टँडवर उतरले तेव्हा अंगावर बोटभर धूळ होती. स्टँडसमोरच्या लॉजमध्ये खोली स्वस्त मिळाली, मात्र नळाला पाणी सकाळी सहा ते सात एवढंच. खालच्या एसटीडी बूथवरून घरी फोन लावून "पोचले" एवढंच म्हटलं आणि झोपले. तिकडे जाणाऱ्यांनी ऑक्टोबरच्या उन्हाला कमी लेखू नये. माझी टोपी घरीच राहिली होती.

शनिवारी सकाळी सात वाजता गावाबाहेरच्या एका मैदानावर सूर्य सापडला. फक्कीने आखलेलं सात मीटर व्यासाचं वर्तुळ, आणि त्यात उभी अकरा मुलं. एक सूर्य, नऊ ग्रह आणि एक चंद्र. गुरुजी पन्नाशीचे, किडकिडीत, पायात टायरच्या चपला. त्यांनी रीत सांगितली. सूर्य सोडून प्रत्येक मुलाकडे एकेक गोळा, रस्त्याकडेला बसवलेल्या त्या त्या ग्रहाच्या दगडापाशी सगळ्यांनी थांबायचं आणि ज्याचा ग्रह त्याने तो सांगायचा. वही बघायची नाही.

"दिवाळीआधीच का?" मी विचारलं.

"सोमवारपासून टोळ्या निघत्यात, बाई. ऊसतोडीला. ह्यातली सात पोरं आईबापाबरोबर जाणार. परत येत्यात उन्हाळ्यात, तवर वर्ष गेलेलं असतं. येत्यातच असंबी न्हाई."

एवढं बोलून ते मोपेड ढकलत चालू लागले. मोपेडवर पाण्याची घागर बांधलेली होती.

बुध तीनशे मीटरच्या आत आला, सुपारीएवढा. शुक्र त्याच्यामागे. पृथ्वी पाऊण किलोमीटरवर, लिंबाएवढी, आणि चंद्र झालेली मुलगी तिच्यापासून दोन मीटरवर बोर धरून उभी. प्रकाशाला सूर्यापासून पृथ्वीवर यायला आठ मिनिटं लागतात, आम्हाला बारा लागली. म्हणजे या मापात प्रकाशसुद्धा झपाझप चालणाऱ्या माणसाच्याच चालीने जातो. सहा वर्षांत प्रकाशाचा वेग मी कितीदा तरी लिहिला होता, पण मला तो तिथे पहिल्यांदा कळला, आणि तेव्हा माझ्या डाव्या टाचेला फोड आलेला होता.

मंगळापर्यंत मजा होती. पुढे गुरूपर्यंत जवळजवळ तीन किलोमीटर काहीच नाही. डांबरी रस्ता, सोलापूरकडे जाणारे ट्रक, तोंडावर उडणारा धुरळा. मुलं गप्प झाली. मी विचारलं, "दमलात का?" तर सूर्य झालेला मुलगा म्हणाला, "न्हाई बाई, लई मोकळं हाय म्हनून गप हाव." गुरूच्या दगडावर एक कुत्रं झोपलं होतं, ते उठलंच नाही. तिथे आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

माझ्याबरोबर चालत होती ती सुनंदा. तिच्याकडे शनि होता. बांबूचं डालं, वर खाकी कागद चिकटवलेला, आणि ते डोक्यावर घेऊन ती ताठ चालत होती. शनीचं भाषण तिने महिनाभर पाठ केलं होतं. मोठ्या भावाने, आईने, शेजारणीने, सगळ्यांनी ऐकलं होतं. "पर तिथं उभं ऱ्हाऊन म्हनायचंय," ती म्हणाली. "सोमवारी आमची गाडी हाय. मंग म्हनायला कोण बोलवतंय?"

सात किलोमीटरच्या पुढे शनि दिसला आणि गुरुजींचा चेहरा पडला. दोन महिन्यांपूर्वी, पंधरा ऑगस्टला, त्यांनी मुलांसोबत तिथे दोन फुटी काळा दगड बसवला होता, वर पांढऱ्या रंगात "शनि" आणि खाली अंतर. कड्यांसाठी बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव त्याच्याभोवती ठेवली होती. माप अगदी बरोबर होतं. पण काळा दगड, लोखंड, वर शनीचं नाव, आणि महिना श्रावणाचा. जिल्ह्यात राक्षसभुवनला शनीचं मोठं ठाणं. पहिल्या शनिवारी कुणीतरी तेल वाहिलं, दुसऱ्या शनिवारी रुईच्या पानांची माळ पडली. आता दगडावर तेलाचा बोटभर थर होता आणि अंतराचा आकडा त्याखाली बुडाला होता. दहाबारा माणसं रांगेत उभी होती. शेजारी पानटपरीवाल्या भानुदासने तेलाच्या पुड्या मांडल्या होत्या.

गुरुजींनी हात जोडून त्याला सांगितलं, "दोन मिंटं द्या, पोरगी माहिती सांगंल."

"पोरीनं शनीम्होरं उभं ऱ्हायचं न्हाई, गुरुजी," भानुदास म्हणाला. "सांगायचं तर पोराला सांगू द्या. आन दगूड-धोंडा म्हनायचं न्हाई. लोकाची शरधा हाय."

"दगड आमीच बसवला की, भानुदास."

"बसवला तुमी. पर आता त्यो तुमचा ऱ्हायला न्हाई."

मला वाटलं गुरुजी भांडतील. ते भांडले नाहीत. त्यांना रोज याच रस्त्याने जायचं होतं, शाळेच्या पत्र्यासाठी याच गावांतून वर्गणी मागायची होती. त्यांनी कपाळ पुसलं आणि मुलांना म्हणाले, "चला, पुढं युरेनसला थांबू." मी तरी काही बोलायला हवं होतं. पुण्याची लेखिका म्हणून मला बोलावलं होतं. पण उन्हाने डोकं दुखत होतं, टाच चुरचुरत होती, आणि मनात आलं, जाऊ दे. ते 'जाऊ दे' आजही मला टोचतं.

सुनंदा हलली नाही. रस्त्याखालच्या बांधावर डालं मांडीत घेऊन बसली.

"सुनंदे, युरेनसला बोल की," गुरुजी म्हणाले.

"युरेनस सदाशिवचा हाय. माझा शनि हाय."

ती रडत नव्हती. काडीने मातीत काहीतरी लिहीत होती. मग मान वर न करता तिने विचारलं, "गुरुजी, दगूड बसवून दोन म्हैने झाले न्हवं?"

"झाले की."

"शनीला एक फेरी माराया साडेएकोणतीस वर्सं. आपल्या मापानं फेरी पंचेचाळीस किलोमीटरची. म्हंजी वर्साला दीड किलोमीटर. म्हैन्याला सव्वाशे मीटर." तिने काडी टेकवली. "दोन म्हैन्यात अडीचशे मीटर. मंग त्यो हितं हायच कुठं?"

गुरुजी खाली बसले. त्यांनी मातीतलं गणित दोनदा तपासलं. मग हळूच हसले, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरलाही. "आरं, पृथ्वी तर पाऊण किलोमीटर गेली असंल," ते स्वतःशीच म्हणाले. "आपले सगळेच दगड मागं ऱ्हायले की रं."

"कुठल्या अंगाला गेला?" सदाशिवने विचारलं.

सुनंदा बीडकडे, म्हणजे सूर्याकडे, तोंड करून उभी राहिली, उजवा हात लांब केला आणि डालं डोक्यावर घेऊन कापसाच्या शेताच्या बांधाने चालू लागली. तिच्यामागे दहा मुलं पावलं मोजत. त्यांच्यामागे गुरुजी. मी लंगडत शेवटी. आडवं गेल्याने सूर्यापासूनचं अंतर तेवढंच राहत होतं, हे मुलं एकमेकांना समजावून सांगत होती. भानुदास टपरी सोडून येऊ शकत नव्हता. तो नुसता बघत राहिला. रांगेतली एक म्हातारी मात्र तेलाची पुडी घेऊन आमच्यामागे आली. पोरं कुठे निघाली, हे तिला बघायचं होतं.

चारशेव्या पावलाला सुनंदा थांबली. एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला तूर. तिने डालं खाली ठेवलं.

"मी शनि सांगते. शनि सूर्यापासून एकशे बेचाळीस कोटी किलोमीटर हाय. त्याला कडी हायत. ती लोखंडाची न्हाईत, बर्फाच्या आन दगडाच्या तुकड्यांची हायत. लांबनं एक दिसत्यात, पर सगळे तुकडे अलग अलग फिरत्यात. शनि एवढा मोठा हाय की पृथ्वीसारक्या नऊ त्याच्या पोटावर एका वळीत बसतील. तरी त्यो हलका हाय. येवढा मोठा समुद्र आसता तर त्यो पाण्यावर तरंगला आसता. त्यो कुनाच्या मागं लागत न्हाई. त्याला सूर्याभवती फिराया येळ पुरत न्हाई."

शेवटची दोन वाक्यं पाठ केलेली नव्हती. गुरुजींनी नंतर शपथेवर सांगितलं.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. तिच्या धाकट्या मुलाला साडेसाती लागली होती, असं तिने येतानाच सांगितलं होतं. "म्हंजी आता त्यो त्या दगडात न्हाई?" तिने विचारलं.

"न्हाई, आजी. हितं हाय. आन उद्या आनकी चार मीटर म्होरं."

"परत त्या दगडापाशी कवा यायचा?"

"साडेएकोणतीस वर्सांनी."

"मंग चाललं. तवर पोराचं निस्तारतंय." म्हातारीने पुडीची गाठ पुन्हा घट्ट केली. "ह्ये तेल घरी नेते. भाजीला व्हईल."

आणि खरंच गेली. सुनंदा डालं उचलून माझ्या पुढे चालू लागली. रस्त्यावर येईपर्यंत तिचं पाऊल इतकं हलकं होतं की मला धापा टाकाव्या लागल्या.

युरेनसजवळच्या एका शाळेत आम्ही रात्र काढली. पिठलं-भाकरी गावातल्या बायांनी आणून दिली. रविवारी मांजरसुंब्याचा घाट माझ्या जिवावर आला. नेपच्यूनला मी दगडावर बसूनच ऐकलं. प्लूटोपाशी, लिंबागणेशच्या अलीकडे, चिंचोक्याएवढा खडा हातात धरून एक मुलगा म्हणाला की हितनं पुढं गुरुजींनाबी म्हाईत न्हाई. मुलांनी गणपतीचं दर्शन घेतलं. मी देवळाच्या पायरीवर बसून फोड मोजले. तुम्ही जाणार असाल तर पाणी भरपूर घ्या, मऊ चपला घाला, आणि दगड शोधू नका. रस्ता पुढे रुंद झाला, त्यात सगळेच गेले म्हणतात. सूर्याच्या मैदानापासून सात किलोमीटर कुठल्याही दिशेने चाला, शनीची वाट तुम्हाला आडवी येईलच.

परतीच्या एसटीने प्लूटो ते सूर्य तासाभरात संपवलं. मी खिडकीशी झोपले होते.

पुण्यात परत येऊन लेख लिहिला. सदर बंद करायचं राहून गेलं. निश्चय वगैरे काही नव्हता, कंटाळा तसाच होता, फक्त आता लिहिताना कुणीतरी बांधावर बसून तपासतंय असं वाटत राहायचं. गुरुजींना दोन अंक पाठवले. एक शाळेला, एक सुनंदाला. ती तोवर निघून गेली होती.

मार्च संपता संपता गुरुजींचं कार्ड आलं. टोळीच्या मुकादमाबरोबर त्यांनी अंक उसाच्या फडावर पोचवला होता. "सुनंदाने वाचला. आईला, शेजारच्या पाचटाच्या कोप्यांतल्या पोरींना वाचून दाखवला. तिचा निरोप आहे. बाईंनी लिहिलंय की शनि डाव्या हाताला सरकला. सूर्याकडे तोंड केलं की तो उजव्या हाताला सरकतो. ती विचारते, बाईंनी सूर्याकडे पाठ केली होती का?"

मी कार्ड हातात घेऊन उभी राहिले, बीड कुठे असेल त्या दिशेला तोंड केलं, आणि हात लांब करून बघितला. केली होती. दोन दिवस मी पाठ करूनच चालत होते. पुढच्या अंकात चुकीची दुरुस्ती छापली आणि खाली सुनंदाचं नाव घातलं.