चार पेशंट, एक नंबर

आमच्या गावात मोबाईल दोनशेच्या वर असतील, पण नंबर एकच आहे आणि तो पंचफुलामावशीचा. मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे, गावातला प्रत्येक फॉर्म माझ्या हातून जातो, म्हणून खात्रीने सांगतो. फॉर्म गॅसचा असो, रेशनचा असो की निराधार योजनेचा, मोबाईल नंबरचा रकाना आला की समोरचा माणूस म्हणणार, "पंचफुलाचा लिव ना बा." कोणाचा रिचार्ज संपलेला असतो, कोणाचा मोबाईल पोरगा नागपूरला घेऊन गेलेला असतो, कोणाला स्वतःचा नंबर येत नाही. पंचफुलामावशीचा मात्र सगळ्यांना तोंडपाठ, कारण तो लागतो आणि ती उचलते.

मावशी म्हणजे आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई. नवरा जाऊन दहा वर्षं झाली. मुलगा अश्वजित पुण्याला कंपनीत आहे, त्यानेच आपला जुना मोठा फोन तिला देऊन टाकला. मुलगी मनाली करडीला दिली. फोन आला की मावशी चप्पल पायात सरकवते आणि ज्याचा निरोप त्याच्या दारात जाऊन सांगते. जाताना तोंड सुरूच असतं. "मी का पोस्टमन आहो काय? मले का पगार आहे काय?" असं गल्लीभर ऐकवत जाते. तिच्या या स्वभावाचा मला फार राग येतो. उपकार करायचाच तर गोड बोलून करावा, नाही तर सरळ नाही म्हणावं. तिला दोन्ही जमत नाही, आणि गावाला ते बरोबर ठाऊक आहे.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आमच्या लाखांदूरकडच्या खेड्यांतही शिरली, आणि शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. टेबलावर नावं लिहायला अर्थातच मी. रांग पार फाटकाबाहेर गेलेली, अर्धी खोकणारी, ऊन असं की पेन हातात घसरत होता. त्या दिवशी नऊ जणांनी पंचफुलामावशीचा नंबर सांगितला आणि मी नऊ वेळा लिहिला. दहावी ती स्वतः. मी एकदा म्हणालो होतो की आजाराचं काम आहे, आपला-आपला द्या. तर मनकर्णाबाई म्हणाल्या, "माहा आजार काय नंबर पाहून येते काय?" मागचे लोक ओरडू लागले. मीही मग लिहीत सुटलो. चूक माझी आहे, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

तिसऱ्या दिवशी निकाल आले. त्या दहांतले चार जण बाधित निघाले. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या मनकर्णाबाई, किराणा दुकानवाला सेवकराम आणि शेजारचं एक म्हातारं जोडपं. पंचफुलामावशी निगेटिव्ह. पण तिच्या फोनवरचं ते कोरोनाचं सरकारी ॲप, जे तालुक्याच्या आदेशावरून मीच तिला टाकून दिलं होतं, ते सकाळी हिरवं होतं आणि दुपारी लाल झालं.

ती फोन पदरात झाकून माझ्याकडे आली. "चंदर, हे लाल काहून झालं? मी तं निगेटिव्ह आहो."

मी तिला समजावलं की ॲपला माणूस कळत नाही, नंबर कळतो, आणि त्या नंबरचे चार पेशंट निघालेत. ती म्हणाली, मग त्याला सांग. कोणाला सांगू? मी तालुक्याला फोन केला. तालुका म्हणाला जिल्ह्याला विचारा. जिल्हा म्हणाला लॅबला विचारा. लॅबने दोन दिवस उचलला नाही, तिसऱ्या दिवशी उचलला आणि सांगितलं की माहिती ज्याने भरली त्यानेच दुरुस्तीचा अर्ज करावा, म्हणजे ग्रामपंचायतीने, म्हणजे मी. मी अर्ज केला. उत्तर आलं, रुग्णाचा विलगीकरणाचा काळ पूर्ण होईपर्यंत नंबर बदलता येत नाही. डोकं भिंतीवर आपटावं असं वाटलं, पण पंचायतीची भिंत नुकतीच रंगवली होती.

दरम्यान जिल्ह्याच्या कंट्रोल रूममधून फोन सुरू झाले होते. दिवसाला चार फोन, चौघांचे चार, एकाच पोरीचे. "मनकर्णाबाई बोलताय का? ताप आहे का? ऑक्सिजन किती?" मावशी म्हणायची थांब, आणि मनकर्णाबाईच्या कुंपणाशी जाऊन आवाज द्यायची. मग सेवकरामच्या दाराशी, मग म्हाताऱ्यांच्या. मनकर्णाबाईंचा मुलगा-सून त्याच अंगणात वेगळ्या चुलीवर राहतात, पण आईला कोरोना म्हटल्यावर त्यांनी मधल्या दाराला आतून कडी घातली होती. तेव्हा कुंपणावरून तांदळाची पेज देणंही मावशीकडेच आलं. पोरीने एकदा विचारलं की चार वेगवेगळ्या आडनावांचे पेशंट एका घरात कसे राहता आणि संडास एकच वापरता का. मावशीने फोन माझ्या हातात दिला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. पोरगी शांतपणे ऐकून म्हणाली, "बरं. संडास एकच का?"

हे सगळं एक वेळ हसून सोडून दिलं असतं. पण मनालीला नववा महिना लागला होता.

मागच्या खेपेला सातव्या महिन्यात तिचं बाळ गेलं होतं. तेव्हा मावशी करडीला पोचली ती तिसऱ्या दिवशी, तोवर सगळं आटोपलं होतं आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ते मावशीने स्वतःला कधी माफ केलं नाही. या वेळी माहेरी आणायचं ठरलं होतं, पण आमच्या गल्लीत चार बाधित म्हटल्यावर सासरच्यांनी पाठवलं नाही. भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात नाव घातलं. मनालीने आईला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "तू येशीन तं मले भेव नाई लागनार." त्या दवाखान्याचा नियम असा की बाळंतिणीजवळ एक बाई राहू शकते, पण ॲप हिरवं पाहिजे.

निकालानंतर आठव्या दिवशी पहाटे जावयाचा, इश्वरचा फोन आला की कळा सुरू झाल्या. एसटी बंद होती. मी पंचायतीचा शिक्का मारून स्वतःच स्वतःला पास दिला, मावशीला मोटारसायकलवर बसवलं आणि साठ-पासष्ट किलोमीटर तिची बडबड ऐकत भंडारा गाठलं. सरकार, ॲप, मी, अश्वजितने दिलेला फोन, सगळ्यांचा उद्धार झाला. पवनी गेल्यावर ती गप्प झाली, आणि ते मला जास्त जड गेलं.

दवाखान्याच्या फाटकावर गार्ड होता. त्याने मोबाईल मागितला, लाल पाहिलं आणि चार पावलं मागे सरकला. मावशीने निगेटिव्हचा कागद दाखवला. तो म्हणाला, कागद चालत नाही, मोबाईलमध्ये काय आहे ते चालतं. मी नंबरची सगळी कथा सांगू लागलो. अशा कथा तो दिवसभर ऐकत असणार. आमच्या मागे एक म्हातारा धोतर सावरत आला. गार्डने मोबाईल मागितला. म्हाताऱ्याने बटणांचा, दोऱ्याने बांधलेला डबा काढला. गार्डने त्याच्या कपाळाला ताप मोजायची बंदूक लावली आणि म्हणाला, "जा."

मावशीने ते पाहिलं. मीही पाहिलं. साधा मोबाईल असला की कोरोना नाही. ती मला बाजूला घेऊन गेली, फोन माझ्या शर्टाच्या खिशात टाकला, पदर डोक्यावरून घेतला आणि परत फाटकावर गेली.

गार्ड म्हणाला, "तुमचा मोबाईल?"

"माह्याजवळ मोबाईलच नाई, साहेब."

"आत्ता तर दाखवला."

मावशीने मागे वळून माझ्याकडे बोट केलं. "थो याचा आहे."

आयुष्यात पहिल्यांदा ती एका झटक्यात नाही म्हणाली, ते माझ्या वाट्याला आलं. गार्डने मला असं हाकललं की मी रस्त्यापलीकडच्या पानठेल्याजवळ जाऊन उभा राहिलो. मावशीच्या कपाळाला बंदूक लागली आणि ती आत गेली. दुपारी इश्वर बाहेर आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या, आणि मनालीने शेवटपर्यंत आईचा हात सोडला नव्हता. मला फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की तो फोन माझ्याच खिशात आहे.

परतताना अड्याळजवळ तो वाजला. कंट्रोल रूमची पोरगी. तिच्या आवाजात आज शांतपणा नव्हता. गृह विलगीकरणातले आमचे चारही पेशंट सकाळी भंडाऱ्याला गेलेले स्क्रीनवर दिसत होते, आणि आता ताशी पन्नासच्या वेगाने परत येत होते. मी सांगितलं की फोन फिरतोय, पेशंट घरीच आहेत. ती म्हणाली, तुम्ही कोण? मी नाव सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही पाचवे.

मी गावात पोचायच्या आधीच पोलीस पाटील गल्लीत येऊन गेले होते. भंडाऱ्याला का गेलात, गुन्हा दाखल होईल, असं त्यांनी मनकर्णाबाईंना दटावलं. आठ दिवसांत बाजेवरून न उठलेली ती बाई घाबरून रडायला लागली. सेवकरामने मात्र दंगा केला. पंचफुलाच्या फोनमुळे आपल्यावर केस होणार, ही बाई रोगाच्या दवाखान्यात गेली, आता रोग घेऊन येणार, असं तो स्वतःच्या ओट्यावर उभा राहून गल्लीला सांगत राहिला. नंबर कोणी दिला होता, हे त्याला आठवत नव्हतं. पुढचे तीन दिवस मी चौघांचे फोन घेतले आणि चौघांच्या कुंपणाशी जाऊन आवाज दिला. फक्त तीन दिवस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मीही मोठमोठ्याने म्हणत होतो, मला का पगार आहे काय.

चौथ्या दिवशी दुपारी भाड्याच्या गाडीतून मावशी आली. सोबत मनाली, आणि कापडात गुंडाळलेलं बाळ. इश्वर गाडी चालवणाऱ्याशेजारी होता. सासरकडे आता दोघं आजारी होते, म्हणून बाळंतिणीला माहेरी आणलं होतं. गल्लीच्या तोंडाशी, मनकर्णाबाईंच्या कुंपणापाशी, सेवकरामने लाकडाची लांब बल्ली आडवी बांधली होती. विलगीकरणाचे दोन दिवस बाकी असलेला हा माणूस तोंडाला दुपट्टा बांधून बल्लीमागे उभा होता आणि बाकी लोक त्याच्या मागे. तो म्हणाला, दवाखान्यातून आलात, चौदा दिवस शाळेत राहा. चार दिवसांच्या बाळाला घेऊन, उन्हाळ्यात, पत्र्याच्या शाळेत. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मावशी भांडली नाही. मला वाटलं होतं ती गल्ली डोक्यावर घेईल. तिने माझ्याकडून फोन मागून घेतला आणि बल्लीवर ठेवला.

"घे सेवकराम. यात तुहं नाव आहे, मनकर्णाचं आहे, म्हाताऱ्याईचं आहे. माहं नाव यात कोठीच नाई. मी निगेटिव्ह होती, मले कोनी इचारलंच नाई. तुमचा फोन तुम्ही ठेवा. मले माह्या पोरीले घरी नेऊ द्या."

मनाली गाडीत बसून रडत होती. बल्लीमागचं कोणी हललं नाही, आणि तेवढ्यात तो फोन वाजला. सेवकराम दचकून मागे झाला. मी हात पुढे केला, पण मनकर्णाबाई कुंपणाला धरत धरत आल्या आणि त्यांनी तो उचलला. उलटा धरला होता, मी सरळ करून स्पीकर लावून दिला.

"मनकर्णाबाई बोलताय का?"

"हव. मीच."

पोरीने नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. बारा दिवसांत या नावाने हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. मग तिने कागदावरचा प्रश्न वाचला. आजारी पडल्यापासून तुमच्या संपर्कात कोण कोण आलं, त्यांची नावं सांगा.

मनकर्णाबाईंनी आधी मुलाच्या बंद दाराकडे पाहिलं, मग सेवकरामकडे, मग बल्लीमागच्या सगळ्यांकडे. "पंचफुला आली," त्या म्हणाल्या.

"आणखी?"

"आनखी कोनीच नाई आलं, बाई. दोन्ही टाइम थेच येत होती. पेज घेऊन."

सेवकरामने बल्लीची दोरी सोडायला घेतली, त्याला गाठ सुटेना, मग मी विळा आणून कापली. गाडी आत गेली. फोनमधून पोरगी विचारत होती की म्हणजे हा जवळचा संपर्क झाला, तर त्या बाईंना आजपासून चौदा दिवस घरात राहायला सांगाल का. मी कपाळावर हात मारून घेतला.

"सांगते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "राहील थे घरी, तिची पोरगी बाळंत झाली आहे. पन तिच्या नावानं फोन करसीन तं येथी करजो. मी उचलीन, आन तिच्या दारात जाऊन सांगीन."