अनवाणी नवस

घाबरलेलं माणूस देवाशीसुद्धा सौदा करायला बसतं. मी बसले होते. माझा तिरोडीचा थोरला भाऊ जेवता जेवता हृदय बंद पडून ताटावरच गेला, कधी डोकं दुखल्याचं ठाऊक नाही. तेरावं झाल्यावर आमच्या यांनी मला नागपूरला नेऊन रक्त तपासून आणलं. कोलेस्टेरॉल फार वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, घराण्यातच दिसतं, गोळी सुरू करू. बालाघाटला परतले ती छातीवर हात ठेवूनच. जिना चढताना धडधडलं की वाटायचं, आलं. कुणाला न सांगता देवीला बोलले, रिपोर्ट चांगला येईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही.

दर मंगळवारी टेकडीवरच्या देवळात जायची. एकदा टाचेत बाभळीचा काटा मोडला. हळद-तेल लावलं, चिंधी बांधली. ठणकायचं, पण मला बरंच वाटायचं बघा. जितकं दुखेल तितकं देवीला पोचेल, असा माझा हिशेब.

पुन्हा नागपूरला गेलो तेव्हा डॉक्टरांनी एक नवी तपासणी सांगितली. कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाच्या शरीरात आतून सूज असली तर हृदयाला धोका जास्त, आणि ती सूज रक्तात कळते म्हणे. कोलेस्टेरॉल थोडं उतरलं होतं, पण हा सुजेचा आकडा भलताच वर. त्यांनी ताप, खोकला, दाढदुखी विचारली. मी नाही म्हटलं. हृदयाच्या डॉक्टरला टाचेचं कोण सांगतं? ते म्हणाले, काही दिवसांनी पुन्हा तपासू, मग ठरवू. तो ‘मग ठरवू’ मी मनात घोळवत राहिले. बसमध्ये हे म्हणाले, “काहून अशी बसली? काही झालं नाही तुले.” मनात आलं, भावालाही काही झालं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी टेकडी चढायला लागले. अर्ध्यात पाय उचलेना, पायरीवरच बसले. डोक्यावर टोपली घेतलेली एक अनोळखी म्हातारी मागून येत होती. पायऱ्यांवरचे ओले डाग पाहून ती थांबली. माझा पाय मांडीवर घेऊन तिनं चिंधी सोडली आणि नाकाला पदर लावला.

“काहे की मन्नत है?”

मी म्हटलं, जीने की.

“जीने की मन्नत, और पाँव सड़ा रही हो? माँ ने माँगा था क्या?”

आपल्या चपला काढून तिनं माझ्यापुढे सरकवल्या आणि अनवाणीच आल्या वाटेनं खाली उतरली. हाक मारली, वळली नाही. मी त्या चपलांकडे बघत बसले. नवस मोडला तर भावासारखंच होईल, ही भीती दुखण्याहून मोठी होती. शेवटी डोळे मिटले आणि पाय घातले.

त्याच दिवशी गावातल्या डॉक्टरांनी टाच चिरली. वाटीभर पू निघाला. नागपूरच्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. पू कुठंही असला तरी तो आकडा चढतो म्हणाले. जखम भरल्यावर पुन्हा रक्त घेतलं, आकडा उतरला होता.

ती बाई कोण, यावर मी वाद घालत नाही. मला ती भेटली, एवढं खरं. गोळी रोज घेते. भीती गेली असंही नाही. आजही डावा हात अवघडला की छाती चाचपून बघते. पण आता देवीला काही कबूल करत नाही. नुसती समोर बसते आणि म्हणते, आई, मी घाबरले आहे. तेवढं तिला पुरतं.