नटावरची रेघ

अण्णांचा उजवा हात लकव्यानं गेला त्याला दीड वर्ष झालं होतं, पण तसं घरात म्हणायची सोय नव्हती. "जरा सुस्त पडलाय," एवढंच म्हणायचं. अण्णा म्हणजे माझे वडील, बसडेपोतले मेकॅनिक. निवृत्त झाल्यावर त्यांनी लोहाऱ्यातल्या घरामागं पत्र्याचं शेड टाकून आपलं गॅरेज मांडलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

त्यांच्या जुन्या स्कूटरवर मी शाळेत शिकवायला जाते. दिवाळीच्या सुटीत तिचं ऑइल सील गेलं आणि गाडी आपोआप रेस व्हायला लागली. सील बदलायचं तर त्याच्या पुढच्या जड चाकाचा, फ्लायव्हीलचा, नट खोलणं आलं. मी म्हटलं, बाहेर देऊ. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की एरवी कुणाचं ऐकून न घेणारी मी गुमान पाने काढले.

ते खुर्चीत, मी खाली फरशीवर. पाना लावला की नटासकट फ्लायव्हीलच फिरायचं. अण्णा म्हणाले, "प्लग काढ आन् भोकातनं सुतळी सोड आत. टोक बाहेर ऱ्हाऊ दे." सुतळी पिस्टनच्या वाटेत आली, इंजिन जाम झालं आणि तिसऱ्या झटक्याला नट सुटला. अण्णा हसले. किती दिवसांनी हसले ते.

सील बदलून फ्लायव्हील परत बसवलं, सुतळी पुन्हा आत सोडली, नट हातानं फिरवत आणला. मी पाना उचलला तर अण्णांनी डावा हात पुढं केला. "शेवटचा हात माझा."

त्यांनी उजव्या हाताची बोटं डाव्यानं पान्याभोवती मिटवली आणि ओढलं. मानेच्या शिरा टरारल्या. पाना जेमतेम हलला. "बसला घट," ते म्हणाले. डेपोत घट्ट केलेल्या नटावर पिवळ्या रंगाची रेघ मारायची पद्धत होती. ती तुटलेली दिसली की नट हलला समजायचं. अण्णांनी तशी रेघ मारली. डाव्या हाताची, वाकडीतिकडी.

ते आत जाऊन आडवे झाले. मी पाना लावला. नट जवळजवळ अर्धा फेरा फिरला. तसाच ठेवला असता तर फ्लायव्हील सरकून त्याला दांड्यावर धरून ठेवणारी बारकी लोखंडी चावी कापली गेली असती, म्हणजे मी केलं ते बरोबरच होतं. तरी चोरी केल्यासारखं वाटलं. तुटलेली रेघ पेट्रोलनं पुसली आणि त्याच जागी नवीन मारली. शाळेत फळ्यावर मारते तशी, नीटनेटकी. अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

सकाळी कव्हर बसवण्याआधी अण्णा शेडमध्ये आले. वाकून बराच वेळ बघत राहिले.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. "सैल नटावर गाडी पळवू न्हाय."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते अंगात शर्ट अडकवून आले होते. त्याची बटणं ते रोज एका हातानं, अर्धा अर्धा तास खपून लावायचे. मी पुढं झाले की माझा हात झटकून टाकायचे. त्या सकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एवढी बटणं लाव गं, बाई."

मी हात पुसले आणि खालून एकेक बटण लावत गेले. वर त्यांच्या तोंडाकडं बघायचं धाडस मला झालं नाही.